जुनी अ‍ॅक्सेस फाइल नव्या संगणकात उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधलं मराठी वाचनालय असो, पतसंस्था असो, गणेश मंडळ असो की शाळेचा माजी विद्यार्थी संघ, कपाटाशेजारच्या संगणकात एक एमडीबी फाइल, म्हणजे याद्या-हिशेब सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या प्रोग्रॅमची फाइल, असतेच. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणा सभासदाच्या मुलाने हौसेने बनवून दिलेली. तो मुलगा आता पुण्यात नाहीतर अमेरिकेत, आणि फाइल इथे अजून पावत्या फाडतेय. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, संस्थांनी नवे संगणक घेतले आणि तिथे ती फाइल उघडेना. त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचे आहेत. डीबीएफवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा हिशेब डीबेस-फॉक्सप्रोच्या जुन्या फाइलमध्ये आहे त्यांच्यासाठी, पुढे थोडं आहे.

घाबरलेल्या सचिवांसाठी आधीच सांगून ठेवतो: माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. रुसतात ते फॉर्म, बटणं, फॉन्ट आणि परवानग्या. म्हणून आधी तक्ते बाहेर काढायचे, फॉर्मचं दुखणं नंतर बघायचं.

फाइल उघडत नाही. पहिलं काम कोणतं?

नक्कल. अ‍ॅक्सेस नुसती फाइल उघडली तरी तिच्यात काहीबाही लिहितो, त्यामुळे मूळ फाइलवर प्रयोग नकोत. मूळ फाइल दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक कोषाध्यक्षांच्या घरी जाऊ द्या आणि पुढचं सगळं तिसऱ्या प्रतीवर करा. नक्कल करण्याआधी जुन्या संगणकावरचा अ‍ॅक्सेस पूर्ण बंद हवा. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एलडीबी फाइल दिसत असेल तर कुणीतरी अजून आत आहे, किंवा मागच्या वेळी वीज गेली तेव्हा ती तशीच राहून गेली आहे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती पुसली तरी चालते.

आणि जुना संगणक भंगारात देऊ नका. निदान सगळं पार पडेपर्यंत तरी नाही. दिवाळीच्या साफसफाईत फुकट गेलेल्या संगणकांमुळे जेवढं नुकसान होतं तेवढं व्हायरसनेही होत नसावं.

आमची फाइल कोणत्या काळातली, हे कसं ओळखायचं?

नुसतं एमडीबी या शेपटावरून, म्हणजे फाइलच्या नावातल्या टिंबापुढच्या अक्षरांवरून, कळत नाही. अ‍ॅक्सेस २.० पासून २००३ पर्यंत सगळ्यांचं शेपूट एकच. एसीसीडीबी हे शेपूट २००७ मध्ये आलं. फाइल अ‍ॅक्सेसचीच आहे ना अशी शंका असेल तर तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडा. चौकोन आणि चिन्हांचा चिवडा दिसेल, पण अगदी पहिल्या ओळीत ‘स्टँडर्ड जेट डीबी’ हे रोमन लिपीतले शब्द स्पष्ट वाचता येतील. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये तिथे ‘स्टँडर्ड एस डीबी’ असतं. हे शब्दच दिसत नसतील तर एक तर फाइल दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमची आहे, किंवा तिचं डोकंच खराब झालं आहे. नोटपॅडमधून बाहेर पडताना चुकूनही सेव्ह करू नका.

नव्या अ‍ॅक्सेसमध्ये फाइल उघडली, तर वरच्या पट्टीत ती २००० च्या स्वरूपातली की २००२-२००३ च्या, हे लिहून येतं. तिथवर पोचलात तर निम्मी लढाई जिंकलात.

‘आधीच्या आवृत्तीत बनवलेला डेटाबेस उघडता येत नाही’ असा संदेश येतो. म्हणजे काय?

म्हणजे फाइल अ‍ॅक्सेस ९७ ची किंवा त्याहून जुनी आहे आणि तुमचा अ‍ॅक्सेस २०१३ किंवा त्यानंतरचा आहे. अ‍ॅक्सेस ९७ चं इंजिन जेट ३.५. २००० साली जेट ४.० आलं आणि फाइलची आतली बांधणी बदलली. २०१० पर्यंतच्या आवृत्त्या जुनी बांधणी ओळखून रूपांतर करून देत होत्या. २०१३ पासून मायक्रोसॉफ्टने ती सोय काढून टाकली. फाइल खराब झालेली नाही, नव्या प्रोग्रॅमला ती वाचायला येत नाही, इतकंच.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. अ‍ॅक्सेस २००३, २००७ किंवा २०१० असलेला संगणक शोधा. तिथे फाइल उघडली की रूपांतर करू का, असं तो स्वतःच विचारतो. २००२-२००३ च्या स्वरूपात एमडीबी म्हणूनच सेव्ह करा. मग ती नवी एमडीबी आजच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडा आणि हवी तर तिथून एसीसीडीबी करा. फाइल अ‍ॅक्सेस २.० ची असेल तर मधल्या टप्प्याला २००३ च वापरा.

असा संगणक कुठे मिळणार? नात्यागोत्यात विचारा. सीए काकांच्या ऑफिसात किंवा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत ऑफिस २०१० अजून निघतं. त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२० ला संपली आहे, म्हणून त्या यंत्राचं इंटरनेट काढा, रूपांतर करा आणि बाहेर पडा. तिथे साधी अपडेट क्वेरी, म्हणजे नोंदी बदलणारी आज्ञा, चालवताना ३३४० क्रमांकाची ‘क्वेरी खराब आहे’ अशी चूक आली तर आपल्या फाइलला दोष देऊ नका. नोव्हेंबर २०१९ च्या ऑफिस अपडेटमधूनच तो घोळ आला होता, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला.

जुना अ‍ॅक्सेस कुणाकडेच मिळाला नाही. आता?

फॉर्म आणि छापील अहवाल यांचा नाद सोडायची तयारी असेल तर वाट आहे. विंडोजमध्ये जेट ४.० इंजिन ३२-बिट रूपात अजून येतं आणि त्याला ९७ ची फाइल वाचता येते. जाणकार माणूस डीएओ ३.६ या कोडच्या संचातल्या कॉम्पॅक्ट आज्ञेने ती फाइल जेट ४.० मध्ये उतरवून देऊ शकतो. तक्ते आणि क्वेरी येतात, फॉर्म येत नाहीत. लिनक्स वापरणारा कुणी ओळखीचा असेल तर एमडीबी-टूल्स हा मोफत संच आणखी सोपा: एका आज्ञेत तक्त्यांची यादी, दुसऱ्या आज्ञेत एकेक तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून बाहेर. जावावाल्यांसाठी जॅकसेस आहे. ९७ ची फाइल तो फक्त वाचतो, आपल्याला तेवढंच हवं असतं.

इंटरनेटवर ‘फाइल चढवा, आम्ही बदलून देतो’ म्हणणारी पानं भरपूर आहेत. सभासदांचे पत्ते, फोन, पतसंस्थेच्या ठेवी असलं काही त्यात असेल तर तिकडे फिरकूही नका.

‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असं येतं.

ही ३३४३ क्रमांकाची चूक. बहुतेक वेळा अर्थ असा की फाइल खरोखर मोडली आहे: लिहिता लिहिता वीज गेली, पेन ड्राइव्ह मध्येच उपटला, किंवा नक्कल अर्धवट झाली. आधी आकार बघा. मूळ फाइल ४० एमबीची आणि तुमच्या हातात १२ एमबीची असेल तर दुरुस्ती कसली करता, नक्कल परत करा.

आकार बरोबर असेल तर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. नाही जमलं तर कोरा डेटाबेस उघडून त्यात जुन्यातले तक्ते एकेक करून इंपोर्ट करा. ही पद्धत मला दुरुस्तीपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण एक तक्ता अडला तरी बाकीचे सुटतात. अडलेल्या तक्त्यातही बहुधा एखादीच नोंद सडलेली असते. क्रमांकाच्या अटीने तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी वेगवेगळ्या उचलता येतात.

फाइल उघडते, याद्या दिसतात, पण ‘पावती छापा’ बटण दाबलं की काहीच होत नाही.

वर पिवळी पट्टी आहे का बघा. असेल तर ‘एनेबल कंटेंट’ दाबा. त्याशिवाय मॅक्रो (बटणामागच्या तयार आज्ञा) आणि कोड झोपलेलेच राहतात. पट्टी लाल असेल आणि बटणच नसेल तर फाइल मेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेली आहे. २०२२ पासून ऑफिस अशा फाइलमधले मॅक्रो सरळ बंद ठेवतं. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ वर खूण. रोजच्या वापराची फाइल असेल तर तिचं फोल्डर ट्रस्ट सेंटरमध्ये विश्वासू जागा म्हणून नोंदवा, म्हणजे रोजची कटकट नाही.

पट्टी नाही आणि तरी बटण मेलेलं, तर मामला कोडचा. ऑल्ट आणि एफ११ दाबा, टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा. यादीत एखाद्या नावापुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं असेल तर चोर सापडला. गंमत अशी की एक वाचनालय हरवलं, इथे वाचनालय म्हणजे कोडची लायब्ररी, तरी तिच्याशी काही संबंध नसलेल्या गोष्टी बिघडतात. फॉर्मवर आजची तारीख दाखवणाऱ्या चौकटीत एकदम ‘#नेम?’ येतं, डावीकडची अक्षरं तोडणारं साधं फंक्शन चालत नाही, आणि माणूस तारखेच्या मागे लागतो. मिसिंगची खूण काढा. डीएओ ३.५१ हरवलं असेल तर त्याजागी ऑफिसची अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन लायब्ररी निवडा. मग डीबगमधून कंपाइल करा. जिथे अडेल तिथे पिवळी ओळ दिसेल.

तिथे हमखास भेटणारे तिघे असे. रेकॉर्डसेटच्या ओळीवर ‘टाइप मिसमॅच’, कारण डीएओ आणि एडीओ या दोन्ही लायब्रऱ्यांकडे त्या नावाची वस्तू आहे. घोषणेत ‘डीएओ डॉट रेकॉर्डसेट’ लिहिलं की प्रश्न मिटतो. दुसरं, तारीख निवडायचं ते जुनं कॅलेंडर. एमएसकॅल नावाचं ते नियंत्रण ऑफिस २०१० पासून येत नाही. ते काढून साधी तारखेची चौकट ठेवा, अ‍ॅक्सेस शेजारी स्वतःचं छोटं कॅलेंडर दाखवतोच. तिसरं, ६४-बिट ऑफिस. हल्ली न विचारता तेच बसतं, आणि त्यात जुन्या ओसीएक्स वस्तू (फॉर्मवर बसवलेली बाहेरची नियंत्रणं) चालत नाहीत, विंडोजला थेट हाक मारणाऱ्या ओळींना ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द जोडावा लागतो. कोड दुरुस्त करणारं कुणी नसेल तर सरळ ३२-बिट ऑफिस बसवा. संस्थेच्या पावत्यांना ६४-बिटाने काडीचा फरक पडत नाही.

सभासदांच्या नावांच्या जागी विचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात. माहिती खराब झाली का?

नाही. फॉन्ट नाही, एवढंच. अ‍ॅक्सेस ९७ ला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येत नव्हतं; ते अ‍ॅक्सेस २००० पासून आलं. त्यामुळे त्या काळी देवनागरी म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेला मुखवटा होता. मध्य प्रदेशात कचेऱ्यांपासून टायपिंगच्या दुकानांपर्यंत कृतिदेव चालायचा, महाराष्ट्रातून आलेल्या फाइलमध्ये श्रीलिपी किंवा आकृती सापडते. कृतिदेवमध्ये ‘इंदूर’ लिहिलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात बी, ए, एन, डब्ल्यू, जे ही पाच रोमन अक्षरं बसतात. नव्या संगणकात कृतिदेव नाही, म्हणून तीच अक्षरं उघडी पडतात.

घाईत असाल तर जुन्या संगणकाच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट आणून बसवा, नावं लगेच दिसतील. पण शोध, वर्णक्रम, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवणं यातलं काही जमणार नाही. कायमचा इलाज युनिकोडमध्ये रूपांतर.

रूपांतराची साधनं मोफत मिळतात. त्यांची परीक्षा घ्यायला दोन आडनावं पुरेत: शिंदे आणि कुलकर्णी. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षर-वेलांटी झाल्यावर शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उलटा. कच्चं साधन शिंदेंचे ‘िशंदे’ आणि कुलकर्णींचे ‘कुलकणीर्’ करून ठेवतं. ही दोन नावं नीट आली तर पुढे जा.

रूपांतर फक्त देवनागरी रकान्यांचं करा. सगळा तक्ता एकदम दिला तर ईमेल, पॅन आणि ‘ए-१२’ सारखे फ्लॅट क्रमांकही देवनागरी होऊन बसतात, ते परत आणणं कर्मकठीण. नंतर फॉर्म आणि अहवालांवरचा फॉन्ट मंगल किंवा निर्मला करायला विसरू नका, नाहीतर नीट झालेली नावं पुन्हा विचित्र दिसतील. कोडमध्ये लिहिलेले संदेश मात्र सुटतात. व्हीबीएच्या, म्हणजे बटणांमागच्या कोडच्या, संपादकाला देवनागरी युनिकोड येत नाही, तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. ते संदेश एका छोट्या तक्त्यात हलवा आणि कोडला तिथून वाचू द्या.

आणि एक खास आपल्याकडची अडचण, जी कुठलंही साधन सोडवत नाही. टाइप करणारा बहुधा हिंदी होता. त्याने काळेंचं काले केलं, टिळकांचं तिलक, आणि एकाच घरातल्या दोघांची आडनावं दोन तऱ्हेने लिहिली. इथे माणूसच बसवावा लागतो. सुदामा नगर किंवा टिळक नगरातली सगळी घरं तोंडपाठ असलेली एखादी काकू यादीवर नजर फिरवेल तर संगणकाला महिन्यात न जमणारं काम दुपारच्या चहापर्यंत होतं. एरवीही ती चुका सांगतच असते, यावेळी तिच्या हातात पेन्सिल द्या.

तारखा बदलल्या का? ५ एप्रिलची ४ मे झाली आहे.

रकाना खरोखर तारखेचा असेल तर बदललेल्या नाहीत. अ‍ॅक्सेस तारीख आकड्याच्या रूपात ठेवतो, ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले तो आकडा. बदललंय ते फक्त दाखवणं. विंडोजची प्रादेशिक मांडणी इंग्रजी (भारत) करा, दिवस पुन्हा आधी येईल. त्याच फेरफाराने डॉलरचं चिन्ह जाऊन रुपयाचं येतं. रकमा तशाच राहतात, रूपांतर दर वगैरे काही लागत नाही.

तारीख मजकूर म्हणून भरलेली असेल किंवा सीएसव्हीतून आणली असेल तर मात्र जपून. अमेरिकी मांडणीत ०५/०४ चा ४ मे मुकाट्याने होतो, पण २५/०४ ला पंचविसावा महिना नसल्याने तो बरोबर वाचला जातो. म्हणजे निम्म्या तारखा उलट्या, निम्म्या सुलट्या, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. इंपोर्ट करताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम हाताने निवडा. क्वेरीत तारीख दोन हॅशच्या मध्ये लिहिताना मात्र महिनाच आधी लागतो, तुमची मांडणी काहीही असो.

ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखा वेगळ्या तपासा. दोन आकडी वर्षात ०० ते २९ हे २००० नंतरचं धरण्याची जुनी रीत आहे. १९२८ साली जन्मलेल्या आजीव सभासदांची नोंद ‘२८’ अशी झाली असेल तर ते अजून जन्मायचे आहेत. आजच्या तारखेच्या पुढच्या जन्मतारखा शोधणारी एक क्वेरी चालवा, बरेचसे सापडतील.

पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

अ‍ॅक्सेस ९७ चा पासवर्ड म्हणजे फाइलच्या सुरुवातीला जुजबी लपवलेला मजकूर, जाणकाराला तो वाचता येतो. २००७ नंतरच्या एसीसीडीबीतला पासवर्ड खरं कुलूप आहे, तिथे आठवणं हाच मार्ग. नाव आणि पासवर्ड दोन्ही मागत असेल तर फाइलसोबत एमडीडब्ल्यू नावाची, वापरकर्त्यांची नावं-पासवर्ड ठेवणारी जोडीदार फाइल होती. जुन्या संगणकात ती शोधा, तिच्याशिवाय काम अडेल. एसीसीडीबीत ही पद्धत नाहीच. संस्थेची फाइल कुणाकडून उघडून घेणार असाल तर कार्यकारिणीचा ठराव लिहून ठेवा.

आमच्याकडे एमडीई आहे.

मूळ एमडीबी शोधा. एमडीई ही तिची बंदिस्त केलेली प्रत, तिच्यातून मूळ कोड काढून टाकलेला असतो, तिचं रूपांतर होत नाही.

‘हा मार्ग वैध नाही’ असं म्हणतो, पण फाइल तर समोरच आहे.

फाइल दोन तुकड्यांत आहे: एकीत फॉर्म, दुसरीत तक्ते. पहिली फाइल दुसरीला जुन्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर शोधते आहे. दुसरी फाइल आणा आणि लिंक्ड टेबल मॅनेजरमधून नवी जागा दाखवा. ती आणायची राहिली असेल तर तुम्ही रिकामं कपाट उचलून आणलं आहे.

दुकानाचा जुना हिशेब डीबीएफमध्ये आहे. तो कसा उघडायचा?

डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रोच्या या फाइल साध्या असतात. लिब्रेऑफिस कॅल्क त्या उघडतं, एक्सेलही उघडतं, पण एक्सेलला २००७ पासून डीबीएफमध्ये परत सेव्ह करता येत नाही. अ‍ॅक्सेस २०१३ ने डीबीएफला दार बंद केलं होतं, नंतर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते पुन्हा उघडलं. लांब शेरे वेगळ्या डीबीटी किंवा एफपीटी फाइलमध्ये असतात, म्हणून नक्कल पूर्ण फोल्डरची करा.

इथे एक मेख आहे. डीबीएफमध्ये नोंद पुसली की ती जात नाही, तिच्यावर ताऱ्याची खूण होते. ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच पडून असते. काही साधनं अशा नोंदीही बाहेर काढतात आणि उधारीची बेरीज अचानक फुगते. जुळणी करताना हे आधी बघा, मुनीमजींवर संशय नंतर घ्या.

तो डॉसचा प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर ६४-बिट विंडोजवर तो चालणार नाही, डॉसबॉक्स लागेल. जुनी बिलं बघायला ठीक, रोजच्या बिलिंगला मी सुचवणार नाही. आणि सगळं फ्लॉपीवर असेल तर जेल रोडवर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हची चौकशी करा. वाचता आल्या तर पहिल्याच फेरीत सगळ्या फ्लॉपी उतरवून घ्या.

अ‍ॅक्सेस विकत घ्यावाच लागेल का?

एका संगणकावर तरी लागेल, जिथे बदल करायचे. बाकीच्या टेबलांवर मोफत अ‍ॅक्सेस रनटाइम पुरतो. त्यात पावत्या फाडता येतात, रचना बदलता येत नाही. विकत घेताना बघून घ्या, होम अँड स्टुडंट संचात अ‍ॅक्सेस नसतो आणि मॅकसाठी तो मुळातच नाही. लिब्रेऑफिस बेस तक्ते दाखवतं, पण अ‍ॅक्सेसचे फॉर्म त्यात येत नाहीत.

सगळं एक्सेलमध्ये टाकून मोकळं का होऊ नये?

नुसती पत्त्यांची यादी असेल तर खुशाल टाका. पण सभासद एका तक्त्यात आणि त्यांची वर्षानुवर्षांची वर्गणी दुसऱ्यात, अशी जोडणी असेल तर एक्सेलमध्ये ती तुटते. कुणीतरी एकच रकाना वर्णक्रमाने लावतो आणि जोशींची वर्गणी देशपांड्यांच्या नावावर जाते. शिवाय सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की ‘००४७’ चा ‘४७’ होतो. सभासद क्रमांक आपोआप पडणारा असेल तर तो जशाचा तसा आणा, नव्याने पाडू देऊ नका. जुन्या पावत्यांवर तोच छापलेला आहे.

एसीसीडीबी करायलाच हवं का?

२००२-२००३ ची एमडीबी आजच्या अ‍ॅक्सेसमध्ये चालते. काम नीट चालू असेल, वापरकर्त्यांची नावं-पासवर्ड एमडीडब्ल्यूमधून येत असतील, तर घाई नको. नवी रचना करायची असेल तर मात्र एसीसीडीबीच घ्या. काहीही केलंत तरी रूपांतर झाल्यावर तीन आकडे जुन्या संगणकाशी ताडून बघा: एकूण सभासद, मागच्या आर्थिक वर्षाची एकूण वर्गणी आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक. तिन्ही जुळले की वार्षिक सभेत जुना संगणक काढून टाकण्याचा विषय घ्यायला हरकत नाही.